मासे येण्याआधीची टाकी: एका जुन्या प्रश्नाचा आढावा

नवी मत्स्यटाकी भरली की त्याच दिवशी तिच्यात मासे सोडू नयेत, या मुद्द्यावर आज अनुभवी हौशी मत्स्यपालकांत आणि अभ्यासकांत वाद उरलेला नाही. वाद आहे तो त्यापुढच्या प्रश्नांवर. किती दिवस थांबायचे? नुसते पाणी फिरवत ठेवायचे, की त्यात काही घालायचे? दोन-चार काटक मासे सोडून टाकी तयार करणे योग्य की अयोग्य? बाटलीतले जिवाणू खरेच काम करतात का? वनस्पती भरपूर लावल्या तर थांबायची गरज उरत नाही, हे कितपत खरे? दुकानदार, जुना मत्स्यपालक आणि छापील माहितीपत्रक यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. पहिल्यांदाच टाकी घेणारा गोंधळतो आणि त्या गोंधळाचे परिणाम मुक्या माशांना भोगावे लागतात. म्हणूनच प्रत्येक बाजूचे म्हणणे नीट मांडून, कुठे एकमत आहे आणि कुठे नाही हे पाहायला हवे.

या लेखापुरती मर्यादा आखून घेऊ. इथे विचार केला आहे तो घरोघरी दिसणाऱ्या गोड्या पाण्याच्या टाकीचा: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, सुमारे 50 लिटरची. खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची तत्त्वे बरीचशी तीच असली, तरी तपशील वेगळे असतात.

पार्श्वभूमी

घरात काचेच्या टाकीत मासे टिकवण्याचा शास्त्रीय प्रयत्न लंडनमध्ये सुरू झाला. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने 1850 मध्ये केमिकल सोसायटीपुढे आपले प्रयोग मांडले. सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी एकत्र ठेवल्या, तर पाणी वारंवार न बदलताही मासे जगतात, असे त्याने दाखवले. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि इंग्लंडमध्ये या छंदाची लाट उसळली. त्या काळातली मुख्य कल्पना ‘संतुलित टाकी’ची होती. मासा कर्बवायू सोडतो, वनस्पती प्राणवायू देते आणि दोघे एकमेकांना जगवतात, असा तो हिशेब. माशाने सोडलेल्या अमोनियाचे काय होते, हा प्रश्न त्यात आलाच नव्हता.

त्याचे उत्तर मत्स्यालयांकडून आले नाही, ते सांडपाणी आणि शेती यांच्या अभ्यासातून आले. 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लोजिंग आणि म्यून्ट्झ यांनी वाळूच्या थरातून सांडपाणी झिरपवले. काही दिवसांनी अमोनियाच्या जागी नायट्रेट येऊ लागले. वाळूला क्लोरोफॉर्मची वाफ दिली की हे रूपांतर थांबे. म्हणजे ते सजीवांचे काम होते. त्यानंतर ज्यांनी हा विषय पुढे नेला, त्यांत इंग्लंडच्या रोथॅमस्टेड येथील कृषिरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन होते. टाकीत मासे जगवून दाखवणाऱ्या वॉरिंग्टनचेच हे त्याच नावाचे चिरंजीव. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट हे दोन वेगळे टप्पे आहेत, हे त्यांच्या कामातून पुढे आले. 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्रॅडस्की यांनी या दोन टप्प्यांचे जिवाणू वेगळे करून दाखवले. वडिलांनी टाकी मांडली आणि मुलाने जमिनीत अभ्यासलेली प्रक्रियाच त्या टाकीत मासे जगवत होती. हे दोन धागे एकत्र यायला मात्र आणखी बरीच वर्षे गेली.

विसाव्या शतकात हवेचे पंप आणि खडीखालचे फिल्टर आले, एकाच टाकीत जास्त मासे ठेवता येऊ लागले आणि छंद मध्यमवर्गीय घरांत शिरला. मुंबईत 1951 मध्ये मरिन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी रंगीत मासे पहिल्यांदा पाहिले ते तिथेच. छंद वाढला तशी एक तक्रारही सगळीकडे ऐकू येऊ लागली: नव्या टाकीतले मासे पहिल्या महिन्यातच मरतात. या प्रकाराला ‘न्यू टँक सिंड्रोम’ हे नाव मिळाले आणि आजचा वाद त्यातूनच उभा राहिला.

निर्विवाद भाग: रसायन

मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे सोडतात. उरलेले खाद्य, विष्ठा आणि कुजकी पाने यांतूनही अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून सहज आत शिरतो आणि विषारी असतो. दुसरा अमोनियम, जो त्या मानाने बराच निरुपद्रवी असतो. कोणते रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी मुक्त अमोनिया जेमतेम अर्धा टक्का असतो. पीएच 8 झाला की तोच 5 टक्क्यांवर जातो. म्हणजे तपासणीत एकच आकडा दाखवणाऱ्या दोन टाक्यांपैकी एकीतल्या माशांना दुसरीतल्यांच्या दहापट धोका असू शकतो.

पहिल्या गटातले सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यास असमर्थ करते, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट बरेच कमी घातक असते आणि ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलून ते आटोक्यात ठेवता येते.

हे सूक्ष्मजीव पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरचा स्पंज, खडी, काच आणि पाने यांच्या पृष्ठभागावर पातळ थर करून राहतात. त्यांची वाढ मंद असते. अनुकूल परिस्थितीतही संख्या एकदा दुप्पट व्हायला बहुधा अर्धा ते एक दिवस लागतो आणि दुसरा गट पहिल्याच्या मागून येतो. त्यामुळे रिकाम्या टाकीपासून सुरुवात केली, तर दोन्ही गट पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

यातून एक गोष्ट नक्की होते. पूर्वी ‘पाणी आठवडाभर मुरू द्या’ असा सल्ला दिला जाई. त्याने क्लोरिन उडून जातो, गढूळपणा खाली बसतो, फिल्टर आणि जोड नीट आहेत का ते कळते. जिवाणू मात्र वाढत नाहीत, कारण त्यांना खायला काहीच मिळालेले नसते. महिनाभर नुसते पाणी फिरवलेली टाकी पहिल्या दिवसाइतकीच कच्ची असते. तेव्हा टाकीला अमोनिया मिळालाच पाहिजे आणि मतभेद आहे तो एवढाच: सुरुवातीच्या आठवड्यांत तो अमोनिया कुणी सोसायचा?

निर्विवाद भाग: जागा आणि पाणी

प्राथमिक तयारीबद्दल वाद नाही, म्हणून ती थोडक्यात. वर सांगितलेल्या आकाराची टाकी पाणी, खडी आणि काच धरून 70 किलोच्या आसपास जाते. तिला सपाट, भक्कम स्टँड आणि खाली थर्मोकोलची किंवा फोमची शीट हवी. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर शेवाळ माजते. खडी साबणाशिवाय, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची. गळती तपासायला टाकी एक दिवस-रात्र भरून ठेवायची.

नळाच्या पाण्यातला क्लोरिन माशांचे कल्ले जाळतो आणि जिवाणूही मारतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार प्रक्रिया केलेल्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन शिल्लक असावा लागतो. उघड्या बादलीत चोवीस तास ठेवल्यास तो बहुतांशी उडून जातो. सोडियम थायोसल्फेटवर आधारित ‘अँटिक्लोरिन’ थेंबांनी तो काही क्षणांत निष्प्रभ होतो. टँकरच्या पाण्यात किंवा सोसायटीची टाकी नुकतीच धुतली असेल तेव्हा ब्लिचिंगचे प्रमाण बरेच जास्त असू शकते. अशा वेळी नुसत्या एका रात्रीवर विसंबू नये.

पहिला मार्ग: मासे सोडूनच सुरुवात

हा सर्वांत जुना आणि आपल्या दुकानांत आजही सर्रास सांगितला जाणारा मार्ग. दोन-तीन काटक मासे सोडायचे, कमी खायला घालायचे आणि महिनाभराने बाकीचे आणायचे. याच्या बाजूचे म्हणणे असे: अमोनिया थोडा थोडा आणि अखंड मिळतो, वेगळी रसायने लागत नाहीत, आणि नव्या माणसाला मासे पाहायला मिळाल्यामुळे त्याचा धीर सुटत नाही. या मार्गाचे आजचे जबाबदार रूप पूर्वीपेक्षा खूप कडक आहे. त्यात रोज चाचणी करतात आणि अमोनिया किंवा नायट्राइट लिटरला पाव ते अर्धा मिलिग्रॅमवर गेले की पाणी बदलतात.

विरोधी बाजू म्हणते, मासा जगला म्हणजे त्याला इजा झाली नाही असे होत नाही. अमोनियाने दुखावलेले कल्ले आणि खचलेली प्रतिकारशक्ती यांचा परिणाम काही आठवड्यांनी, एखाद्या रोगाच्या रूपाने दिसतो. फायटर मासा पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो, म्हणून तो खराब पाण्यातही तग धरतो. त्याच्या या क्षमतेचा अर्थ ‘त्याला चालते’ असा लावला जातो. शिवाय सुरुवातीला म्हणून आणलेले मासे पुढे नको असतील तर त्यांचे काय करायचे, हाही प्रश्न उरतोच.

दुसरा मार्ग: माशांशिवाय अमोनिया

1990 च्या दशकाच्या अखेरीस हौशी मत्स्यपालकांत हा मार्ग पसरला. टाकीत बाहेरून अमोनिया घालायचा, जिवाणू वाढू द्यायचे आणि मग मासे आणायचे. अमोनिया मिळवण्याचे दोन प्रकार आहेत. एकात माशांचे खाद्य चिमूटभर टाकून कुजू देतात. हे सोपे आहे, पण किती अमोनिया तयार होईल याचा अंदाज येत नाही आणि पाणी दुर्गंधते. दुसऱ्यात मोजून अमोनियम क्लोराइड घालतात. हा म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागरच. फक्त बाजारातल्या नवसागराची शुद्धता खात्रीची नसते, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. 50 लिटर पाण्यात लिटरला 2 मिलिग्रॅम अमोनिया येण्यासाठी सुमारे 0.3 ग्रॅम पुरतो. एवढे वजन घरच्या काट्यावर होत नाही. म्हणून 3 ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातले 100 मिलिलिटर घालणे सोयीचे.

पहिल्या पंधरवड्यात अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. पुढे तेही उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. 2 मिलिग्रॅमचा डोस दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी तयार मानतात. मग बरेचसे पाणी बदलून नायट्रेट कमी करायचे आणि लगेच मासे आणायचे. उशीर होणार असेल तर जिवाणूंना थोडा अमोनिया देत राहायचा.

या मार्गात कोणत्याही जिवाला त्रास होत नाही आणि टाकी तयार झाल्याचा पुरावा मोजून मिळतो, हे त्याचे बळ. चाचणीची किट, वजनमापे आणि महिनाभर रिकाम्या टाकीकडे पाहण्याचा संयम लागतो, ही त्याची अडचण. ज्या घरात टाकी मुलांच्या हट्टाने आलेली असते, तिथे ही अडचण मोठी ठरते.

तिसरा मार्ग: जुन्या टाकीचा वारसा

एखाद्या निरोगी, जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज किंवा खडी नव्या टाकीत आणली, तर जिवाणूंची वसाहतच आयती मिळते. दुधाला विरजण लावावे तसे हे काम, फक्त एका रात्रीत पुरे होत नाही. स्पंज पुरेसा मोठा आणि मासे मोजके असतील, तर महिन्याचा काळ काही दिवसांवर येतो. हा सर्वांत भरवशाचा मार्ग असल्याचे जवळपास सर्व पक्ष मान्य करतात. स्पंज ओला राहिला पाहिजे, नळाच्या पाण्यात धुवायचा नाही आणि शक्य तितक्या लवकर पोचवायचा, एवढी पथ्ये.

आक्षेप आहे तो रोगांबद्दल. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, परजीवी आणि नको असलेल्या गोगलगायी त्याच स्पंजातून येऊ शकतात. दुकानाच्या टाकीत सतत नवे मासे येत असतात, म्हणून तिथला स्पंज घेण्याबद्दल अनेक जाणकार साशंक असतात. ओळखीच्या घरातली, बऱ्याच काळात नवा मासा न आलेली टाकी अधिक सुरक्षित.

चौथा मार्ग: बाटलीतले जिवाणू

‘आज घाला, आज मासे सोडा’ असे सांगणारी उत्पादने बाजारात पुष्कळ आहेत. समर्थकांच्या मते योग्य जातींचे, जिवंत आणि नीट साठवलेले जिवाणू असतील तर वेळ खरोखर वाचतो. काही उत्पादनांबद्दल असा अनुभव नोंदला गेला आहे. विरोधक विचारतात, बाटलीत आज जिवंत काय आहे हे गिऱ्हाइकाने कसे ओळखायचे? नायट्रीकरण करणारे जिवाणू बीजाणू तयार करत नाहीत, म्हणून ते बंद बाटलीत, उष्णतेत फार काळ टिकण्याची शक्यता कमी. ज्या उत्पादनांत बीजाणू करणारे दुसरे जिवाणू असतात, ते गाळ कुजवायला उपयोगी पडतात. अमोनियाचे मुख्य काम त्यांचे नाही. मे महिन्यात गोदाम, टेम्पो आणि दुकानाचे शेल्फ असा प्रवास करून आलेल्या बाटलीबद्दल हा संशय आपल्याकडे अधिक रास्त ठरतो. दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी तडजोड एकच आहे: बाटली वापरा, पण मासे आणण्याचा निर्णय चाचणीवर सोडा.

पाचवा मार्ग: आधी वनस्पती

अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांचे ‘इकॉलॉजी ऑफ द प्लँटेड अक्वेरियम’ हे पुस्तक 1999 मध्ये आले आणि वॉरिंग्टनच्या जुन्या कल्पनेला नवा आधार मिळाला. अनेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी शोषतात, हा त्यांच्या मांडणीचा कणा. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट यांसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पतींनी टाकी गच्च भरली आणि मासे थोडे ठेवले, तर अमोनियाचा चढ चाचणीत दिसतही नाही. आपल्याकडच्या ओढ्या-तलावांत यातल्या काही जाती सहज सापडतात. फक्त त्या आणताना कीटकनाशके आणि परजीवी यांची काळजी घ्यावी लागते.

या मार्गावरचे आक्षेप असे: पुरेसा प्रकाश नसेल किंवा नव्या वनस्पती रुजण्याआधी पाने गाळू लागल्या, तर त्याच अमोनिया वाढवतात. काही तयार मातीयुक्त थर पहिल्या आठवड्यांत स्वतःच अमोनिया सोडतात. ‘भरपूर’ म्हणजे किती, याचे मापही नवख्याला कळत नाही. समोर दोन रोपटी आणि एक प्लास्टिकचे झाड, ही वनस्पतींची टाकी होत नाही.

कोणता सूक्ष्मजीव, हा सरकता पाया

या सगळ्या मार्गांखाली जीवशास्त्राची जी जमीन आहे, तीच गेल्या तीस वर्षांत बरीच हलली. पाठ्यपुस्तके शंभर वर्षे अमोनियासाठी नायट्रोसोमोनास आणि नायट्राइटसाठी नायट्रोबॅक्टर अशी जोडी सांगत आली. अमेरिकेतल्या टिमोथी होव्हनेक आणि सहकाऱ्यांनी 1996 आणि 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे दिसले, की गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइटचे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात. नायट्रोबॅक्टर तिथे सापडत नाहीत. 2011 मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांना गोड्या पाण्याच्या बहुतेक टाक्यांच्या फिल्टरमध्ये अमोनियाचे काम करणारे आर्किया हे जिवाणूंहून वेगळे सूक्ष्मजीव वरचढ आढळले. 2015 मध्ये त्याहून मोठा धक्का बसला. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे दोन्ही टप्पे एकटे पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले आणि त्यांतला एक शोध मत्स्यपालन केंद्राच्या फिल्टरमधूनच लागला.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. आर्किया आणि नायट्रोस्पायरा अत्यल्प अमोनियावर जगण्यात पटाईत असतात. नायट्रोसोमोनासला भरपूर अमोनिया मानवतो. मग लिटरला 4-5 मिलिग्रॅमचे मोठे डोस देऊन वाढवलेली वसाहत, पुढे अत्यल्प अमोनिया असणाऱ्या टाकीत टिकणारी वसाहतच असते का? की मासे आल्यावर तिची जागा हळूहळू दुसरे घेतात? अनेक अनुभवी मंडळी आता 1-2 मिलिग्रॅमचे छोटे डोस सुचवतात, त्यामागे हाही विचार आहे.

आपल्याकडची परिस्थिती

परदेशी मार्गदर्शिकांत गृहीत धरलेल्या काही गोष्टी महाराष्ट्रात तशाच्या तशा लागू होत नाहीत. पहिली गोष्ट पाण्याची. मुंबई आणि पुण्याला धरणांतून येणारे पाणी हलके असते. पठारावरच्या बेसाल्टमधल्या बोअरचे पाणी बहुधा जड असते. नायट्रीकरणात पाण्याची क्षारता खर्च होते. लिटरमागे 2 मिलिग्रॅम अमोनिया पचवताना सुमारे 12 मिलिग्रॅम क्षारता जाते. मुळात ती 40 असेल तर तीन-चार डोसांत संपत येते, पीएच घसरतो आणि प्रक्रिया अडखळते. ‘शुद्ध’ म्हणून आरओचे पाणी भरणाऱ्यांची टाकी अडते ती बहुधा याच कारणाने. चिमूटभर खाण्याचा सोडा किंवा फिल्टरमध्ये थोडे शिंपले, हा त्यावरचा साधा उपाय. उलट बाजूचा धोकाही लक्षात ठेवावा. मासे असलेल्या आम्लधर्मी टाकीत अमोनियम साठलेले असताना एकदम बोअरचे पाणी ओतले, तर पीएच चढून त्याचे विषारी अमोनियात रूपांतर होते.

दुसरी गोष्ट उष्णता आणि वीज. उबदार पाण्यात जिवाणू लवकर वाढतात, त्यामुळे आपल्याकडे हीटरविना वर्षाचा बहुतेक काळ काम चालते. पण 20 अंशाला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम विरघळणारा प्राणवायू 30 अंशाला साडेसातवर येतो, आणि एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट करायला साडेचार ग्रॅमहून अधिक प्राणवायू लागतो. उन्हाळ्यात भारनियमनाने फिल्टर काही तास बंद राहिला, की बंद डब्याच्या फिल्टरमधली वसाहत गुदमरते. अशा गावांत साधा स्पंज फिल्टर आणि बॅटरीवरचा हवेचा पंप अधिक शहाणपणाचे.

तिसरी गोष्ट दुकानातल्या पुडीची. नव्या टाकीबरोबर खडेमीठ आणि निळ्या औषधाची बाटली देण्याची प्रथा आहे. मिठाला आधार आहे: त्यातले क्लोराइड कल्ल्यांवाटे नायट्राइट आत शिरायला अडथळा करते, म्हणून नायट्राइट चढलेले असताना थोडे मीठ माशाचा जीव वाचवू शकते. निळे औषध म्हणजे मेथिलीन ब्लू. ते बुरशीवर उपयोगी आहे, पण जे जिवाणू वाढवायचे त्यांनाच रोखते. आजारी माशासाठी वेगळ्या भांड्यात त्याची जागा आहे, नव्या टाकीत नाही.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न मोजमापाचा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले म्हणजे टाकी सुरक्षित, हे मान्य आहे. पण जुन्या टाकीत जे स्थैर्य दिसते, शेवाळाचा उद्रेक न होणे, पाणी अचानक दुधाळ न होणे, नाजूक जाती टिकणे, ते कशाने येते? इतर हजारो सूक्ष्मजीवांचा त्यात वाटा असणार, पण ‘पक्व टाकी’ मोजायची कशी, याचे सर्वमान्य माप नाही.

दुसरा प्रश्न नायट्रेटच्या मर्यादेचा. लिटरला 20 किंवा 40 मिलिग्रॅम असे आकडे सांगितले जातात, पण सर्व जातींना लागू होणारा एकच आकडा नाही. तिसरा प्रश्न अमोनिया ‘बांधून ठेवतो’ असे सांगणाऱ्या द्रावणांचा. त्यांतली काही रसायने अमोनियाशी खरोखर संयोग करतात, काहींच्या दाव्यांबद्दल मतभेद आहेत. आणि यांतली काही द्रावणे घातल्यावर नेहमीच्या चाचण्या फसवे आकडे देऊ शकतात, त्यामुळे घरच्या घरी निवाडा होत नाही.

चौथा प्रश्न नीतीचा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या भारतीय कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव, त्यामुळे मासा त्यात येतोच. 2017 मध्ये केंद्र सरकारने मत्स्यटाक्यांच्या दुकानांसाठी नियम काढले. व्यापारी आणि पालनकर्त्यांच्या विरोधानंतर ते मागे घेण्यात आले. नियमांमुळे हजारो लहान व्यावसायिकांचे पोट धोक्यात येते, हे एका बाजूचे म्हणणे होते. किमान निगेची अट असायलाच हवी, हे दुसऱ्या बाजूचे. घरातल्या टाकीच्या तयारीचा विचार मात्र त्या चर्चेतही मागेच राहिला.

आजची स्थिती

पाचही मार्ग शेजारी ठेवले की लक्षात येते, की ते वाटतात तितके परस्परविरोधी नाहीत. सुरुवातीचा अमोनिया पहिल्यात मासे सोसतात, दुसऱ्यात कुणीच सोसत नाही, तिसऱ्यात जुन्या टाकीची वसाहत पचवते, चौथ्यात बाटलीतले जिवाणू पचवतील अशी आशा असते आणि पाचव्यात वनस्पती शोषतात. जाणकारांचा कल आज मिश्र पद्धतीकडे आहे: पहिल्या दिवसापासून वनस्पती, मिळाल्यास खात्रीच्या टाकीतला स्पंज, सोबत मोजून छोटे अमोनियाचे डोस, आणि दिवस न मोजता चाचणीचे आकडे पाहून निर्णय. मासे आल्यावरही ते एकदम न आणता दोन-तीन हप्त्यांत आणणे, कारण वसाहत मिळणाऱ्या अन्नाच्या प्रमाणातच वाढते.

या आढाव्यातून मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती चाचणीची किट. पाचांपैकी कोणताही मार्ग निवडा, तो चुकत असेल तर वेळेत सांगणारी तीच एक गोष्ट आहे. आणि आपल्याकडे टाकी, दिवे, रंगीत खडी आणि मासे यांच्या बिलात बहुतेक वेळा तीच नसते. दुकानदारांनी ती टाकीबरोबर द्यायला आणि गिऱ्हाइकाने ती आधी मागायला सुरुवात केली, तर बाटल्यांचा आणि डोसांचा वाद मिटण्याची वाट न पाहताही कितीतरी मासे वाचतील.